वेर्ण्याचं पठार, दोन विजेच्या गाड्या आणि एक भोंगा

विजेच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीचा आवाज लावायची बुद्धी कुणाला सुचली कोण जाणे, पण गोव्यातल्या वेर्ण्याच्या पठारावर त्या रविवारी सकाळी नेमकं तेच चाललं होतं. मैदानाच्या एका टोकाला दोन भलेमोठे स्पीकर आणि त्यांतून जुन्या दहा सिलिंडरच्या व्ही-10 इंजिनाचं रेकॉर्ड केलेलं किंचाळणं. मैदानात मात्र विद्यार्थ्यांनी बनवलेली विजेची एकआसनी गाडी रस्त्यावर ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या कोनांमधून वळत होती. गाडी वळणात हळू झाली की स्पीकरातलं इंजिन नेमकं वरच्या पट्टीत जायचं, आणि गाडी सरळ रस्त्याला सुटली की इकडे गिअर उतरवल्याचा आवाज. बघायला आलेली माणसं आधी हसली, मग कंटाळली, मग मोबाइल काढून बसली.

गोव्याचे बाकीचे दिवस नेहमीसारखे गेले: आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, मडगावात मुक्काम, कोलव्याला गर्दी, आणि पार्किंगसाठी न संपणाऱ्या चकरा. त्यांवर लिहिण्यासारखं काही नाही. पणजीकडून येणाऱ्यांना झुआरीचा नवा पूल ओलांडला की कुठ्ठाळीनंतर हे पठार लागतं, मडगावहून तर ते जवळच. सकाळी पातळ भाजी आणि गरम उंडे (गोव्याचा गोल पाव) खाऊन पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकल टॅक्सीवरून निघालो; तिच्या चालकाला गोव्यात पायलट म्हणतात. औद्योगिक वसाहतीतलं हे डांबरी मैदान शोधायला फाटकांवरचे पहारेकरी सोडून कुणाचा उपयोग झाला नाही. सोडायला आलेला पायलटबाब स्वतःच थांबला. "बघूया तरी," म्हणाला, आणि शर्यत संपेपर्यंत हलला नाही.

गाड्या दोन. दोन्ही फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या नियमांनी बांधलेल्या. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारत नावाची अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा होते, तिच्या इलेक्ट्रिक गटात उतरतात तशा. तांबडी नवी, पिवळी आधीच्या मुलांनी बनवलेली. चालक धरून प्रत्येकीचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. नियमाने बॅटरीच्या पॅकचा व्होल्टेज 600 पर्यंत चालतो, आणि बॅटरीतून एका वेळी 80 किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती काढता येत नाही. तांबडीच्या पॅकमध्ये 108 सेल मालिकेत, म्हणजे पूर्ण भरल्यावर साधारण 453 व्होल्ट. तेवढा व्होल्टेज अंगाला लागला तर दुसरी संधी मिळत नाही. म्हणून जाड नारिंगी केबलना उघड्या हाताने कुणी शिवत नव्हतं. पॅकजवळ काम करणाऱ्या दोघांच्या हातांत रबरी हातमोजे, त्यांवर चामड्याचे, आणि तिसरा काही न करता नुसता बघत उभा. तो तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. त्याने फक्त लक्ष ठेवायचं आणि वेळ आली तर बटण मारायचं.

वेळापत्रकात शर्यत नऊची होती, सुटली पावणेअकराला. उशिराचं कारण गोव्याची हवा. पिवळी गाडी चालू व्हायची, दहा-पंधरा सेकंद जायचे आणि आपोआप बंद. गाडीत एक इन्सुलेशन मॉनिटर असतो. उच्च दाबाची वायरिंग आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधला रोध तो सतत मोजतो. व्होल्टमागे 500 ओहमच्या खाली रोध गेला की तो मुख्य रिले, म्हणजे पॅकचा मोठा स्विच, उघडून वीज तोडतो. 400 व्होल्टच्या पॅकला 200 किलो-ओहम ही सीमा. समुद्राकडून येणारी खारट दमट हवा, रात्रभर ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी, कनेक्टरात साचलेलं दव: एवढं सीमेखाली जायला पुरतं.

मुलांनी ते शोधलं मात्र पद्धतशीर. आधी पॅक गाडीपासून वेगळा करून बंद करून ठेवला. मग उरलेल्या वायरिंगवर 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला. आकडा वाईट. मोटरच्या तीन केबल सोडल्या, पुन्हा मेगर. आकडा लगेच सुधारला. म्हणजे दोष मोटरच्या बाजूला. कनेक्टर उघडला तर आत ओलसर पांढरट थर. कूलिंगच्या नळीचा क्लॅम्प थोडा सैल होता, त्यातून थेंब-थेंब पाणी केबलच्या ग्लँडवर (केबल आत शिरते तिथल्या सीलवर) जात होतं. म्हणजे हवेला सगळा दोष देणंही खरं नव्हतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, हीट गनने लांबून वाळवलं, ग्लँड आवळली, क्लॅम्प बदलला, पुन्हा मेगर. हीट गन जवळ नेली तर कनेक्टरचं प्लास्टिक मऊ होतं आणि पुढे सील कधीच नीट बसत नाही, म्हणून लांबून. नुसतं वाळवून गाडी सोडली असती तर पाच फेऱ्यांत पुन्हा बंद पडली असती.

आता खरी तक्रार. हे सगळं चाललं होतं तेव्हा दीडशे-दोनशे माणसं उन्हात दोरीमागे उभी होती आणि काय चाललंय ते कुणीही त्यांना सांगितलं नाही. सावलीला एक मंडप, तोही पाहुण्यांचा. पाण्याचा एकच जार, दहा वाजता संपला. मागे व्ही-10 ची कर्कश टेप चालूच. पेट्रोलच्या गाडीचा बॉनेट उघडला की निदान कुणी तरी स्पॅनर फिरवताना दिसतं, तेल सांडतं, बघणाऱ्याला अंदाज येतो. विजेची गाडी बिघडते तेव्हा चार मुलं एका लॅपटॉपकडे टक लावून बसतात. बाहेरून ते दुरुस्तीसारखं दिसतच नाही. विजेच्या शर्यतीला चाहते का मिळत नाहीत याची चर्चा नेहमी आवाजापाशी जाऊन थांबते. आमच्या मते घोडं इथे अडतं: खेळ दिसत नाही आणि कुणी दाखवतही नाही.

अखेर स्पीकर बंद झाले. कुणी विचार करून बंद केले नाहीत, जनरेटरवरचा भार जास्त झाला. पण त्यामुळे गाडीचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

त्याची सुरुवात नियमातल्या आवाजाने होते. चालकाने ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं की गाडीने एक ते तीन सेकंद मोठा सूर काढलाच पाहिजे. त्याचा अर्थ आता पेडल दाबलं तर गाडी हलणार. त्याआधी प्रीचार्ज होतो: एका रोधातून इन्व्हर्टरचे (पॅकची वीज मोटरला हवी तशी करून देणाऱ्या यंत्राचे) कपॅसिटर पॅकच्या व्होल्टेजच्या नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत भरतात आणि मगच दुसरा रिले जोडला जातो. थेट जोडलं तर प्रवाहाचा असा लोंढा येतो की रिलेचे संपर्क वितळून चिकटतात, आणि चिकटलेला रिले संकटात उघडत नाही. रिले जोडला जातानाचा ठोका दोरीपाशी स्पष्ट ऐकू येत होता. चालकाच्या डोक्यावरच्या कमानीखालचा हिरवा दिवा जाऊन लाल दिवा लुकलुकू लागला. लाल म्हणजे गाडीत दाब आहे, हात लावू नका.

गाडी सुटल्यावर साखळीची घरघर, मोटरची वर चढत जाणारी शीळ, वळणात टायरचं कण्हणं, पोटाला आपटणारे खडे. त्याहून मजा म्हणजे कडेला उभ्या असलेल्या मुलांचं ओरडणं चालकाला आणि आपल्याला दोघांनाही ऐकू येतं. फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या जागतिक मालिकेतल्या गाड्यांचा आवाज सुमारे 80 डेसिबल असल्याचं सांगतात. तेवढ्यात शेजारच्याशी बोलता येतं. पेट्रोलच्या शर्यतीत कानांत बोळे घालून बसणाऱ्यांना हे मिळमिळीत वाटेल, वाटू दे. नोव्हेंबरात वागातोरला बुलेट आणि मोठ्या मोटरसायकलींची जी जत्रा भरते तिथल्या माणसाला ही गाडी दाखवून उपयोग नाही. तो त्या धडधडीसाठीच आलेला असतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्या मागे लागणं सोडावं.

पायलटबाबाचा प्रश्न मात्र बिनतोड होता. पाठमोरा उभा असताना गाडी मागून निघून गेली तेव्हा तो दचकला. "आवाज ना जाल्यार गाडी खंय पावल्या तें कळटलें कशें?" आवाज नसेल तर गाडी कुठे पोचली ते कळणार कसं? मोटरस्पोर्टच्या आवाजाचं हे काम कुणी फारसं बोलून दाखवत नाही. कोण जवळ येतोय, कोण पेडल सोडतोय, कुणाचं इंजिन कुरकुरतंय हे प्रेक्षक कानाने वाचतो. तो काढून घेतलात तर बदल्यात दुसरं काही वाचायला द्यायला हवं. स्पीकरातला खोटा आवाज ती माहिती देत नाही. फॉर्म्युला ई ने पहिल्या हंगामात शर्यतीच्या वेळी डीजेचं संगीत वाजवूनही बघितलं होतं, त्यानेही काही साधलं नाही.

शर्यतीचे नियम मुलांनी स्वतः बनवले होते, आणि चांगले बनवले होते. फेरी 600 मीटरची, फेऱ्या 30. विद्यार्थ्यांच्या गाड्या चाकाला चाक लावून पळवायला परवानगी नसते, म्हणून दोन्ही गाड्या एकमेकींपासून अर्ध्या फेरीच्या अंतरावर उभ्या केल्या, एकाच वेळी सोडल्या. ज्या गाडीचा 30 फेऱ्यांचा वेळ कमी ती जिंकली. आणि दोघींना ऊर्जा मोजून: साडेचार युनिट. वीजबिलावरचं युनिट तेच हे. मीटरने साडेचार युनिट मोजले की सॉफ्टवेअर मोटरचा पुरवठा तोडणार. म्हणजे फेरीला सरासरी 150 वॉट-तास.

तांबडी फोंड्याची एक मुलगी चालवत होती. तिच्या वाड्यावरची दहा-बारा माणसं टेम्पो करून आली होती आणि फक्त तेवढीच ओरडत होती. पहिल्या पाच फेऱ्यांत तांबडी पुढे गेली. बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं. दोन गाड्या गोल फिरतायत, एक थोडी भरभर, बास.

आणि मग टेलिमेट्रीच्या, म्हणजे गाड्यांकडून येणारे आकडे बघायच्या, टेबलावरचा एक मुलगा कंटाळून उठला. स्पीकर बंद होते, पण पोलिसांकडे असतो तसला हातातला भोंगा कुठून तरी त्याच्या हाती लागला. तो टेबलावर चढला आणि स्क्रीनवरचे आकडे वाचू लागला. कोकणी-मराठीची सरमिसळ, फुटबॉलच्या मॅचला मडगावात ऐकू येते तसल्या सुरात. "आठवी फेरी! तांबडीन एकशे पासष्ट खाल्ले! पिवळीन एकशे शेचाळीस! तांबडी पाच सेकंद फुडें, पूण खाता खूब!"

लोकांनी मोबाइल खिशात घातले ते एकदम नाही. आधी टेम्पोवाल्या मंडळींपैकी एकाने विचारलं, "खाता म्हणजे काय?" त्याला शेजारच्या मुलाने सांगितलं: फेरीला किती वॉट-तास जळतात ते. त्याने दुसऱ्याला सांगितलं, थोडं चुकीचं सांगितलं, तिसऱ्याने दुरुस्त केलं. पंधराव्या फेरीला भोंग्यातून आलं: "अर्धी शर्यत! तांबडी नऊ सेकंद फुडें. उरलें पंचेचाळीस टक्के. पिवळीकडे एक्कावन्न!" आणि दोरीमागून एक "आऽऽ" आलं. फेऱ्या निम्म्या उरल्यात आणि तांबडीकडे निम्म्यापेक्षा कमी आहे, हे गणित करायला कुणाला वही लागली नाही.

नऊ सेकंदांची आघाडी आता वेगळीच दिसू लागली. तांबडीला उरलेल्या पंधरा फेऱ्या प्रत्येकी 135 वॉट-तासांत काढायच्या होत्या, पिवळीला 153 ची मुभा होती. तांबडीच्या चालकाला खूण गेली: सोड. सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेक मारण्याआधी पंधरा-वीस मीटर पेडल सोडायचं आणि गाडी घरंगळू द्यायची. सरळ रस्त्याच्या शेवटच्या तुकड्यात मोटर सगळ्यांत महाग ऊर्जा जाळते आणि मिळतो सगळ्यांत कमी वेळ, कारण कमावलेला वेग लगेच ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन जातो. अशा गाडीत 40 किलोवॉटवर वीस मीटर आधी सोडलं तर दहाएक वॉट-तास वाचतात आणि जेमतेम सेकंदाचा दहावा भाग जातो. हे बाहेरून दिसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. भोंगेवाल्याने सांगितलं: "त्या निळ्या कोनाकडे बघा. तांबडीचो आवाज थंय बंद जाता!" सगळ्यांच्या माना निळ्या कोनाकडे. आणि खरंच, शीळ तिथे तुटत होती. ज्या गाडीला आवाज नाही म्हणत होते तिचा आवाज माणसं आता लक्ष देऊन ऐकत होती.

गाडी ब्रेक मारताना ऊर्जा परत घेते, मग अडचण काय, असं एका काकांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. पॅक पूर्ण भरलेला असतो तेव्हा परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला भिडतो. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत रीजेन, म्हणजे ही ऊर्जा परत घेणं, बंदच ठेवतात. पुढे सेल तापले की व्यवस्थापन प्रणाली स्वतःच तो कमी करते, कारण 60 अंशांना सगळंच बंद करावं लागतं. गोव्याच्या उन्हात सुरुवातच पस्तीस अंशांपासून असेल तर तापायला वाव किती उरतो? तांबडीचे मागचे सेल विसाव्या फेरीत 54 वर होते. तेही भोंग्यातून आलं आणि तेही लोकांनी ऐकून घेतलं. एक आजी तर दर फेरीला "आता किती?" विचारत होत्या. त्यांना गाडीचा पहिला, दुसरा क्रमांक नको होता, तापमान हवं होतं.

पंचविसावी फेरी. तांबडीची आघाडी तीन सेकंदांवर आलेली. तिच्याकडे 14 टक्क्यांच्या थोडं वर, पिवळीकडे साधारण 17, म्हणजे पाच फेऱ्यांना अगदी पुरतील एवढे. तांबडीला आता फेरीला 129 वर यायचं होतं. पण पिवळी मैदानापलीकडून दर फेरीला थोडी जवळ येताना दिसत होती, आणि ती मुलगी खूण झुगारून निळ्या कोनाच्या पुढेपर्यंत पेडल दाबत राहिली. फेरीला 140. भोंगेवाला ओरडून ओरडून बसला. फोंड्याची मंडळी "सोड गे बाय, सोड!" करत होती. मोटरच्या शर्यतीत स्वतःच्या माणसाला हळू जा म्हणून ओरडणारे प्रेक्षक आम्ही पहिल्यांदा बघितले.

शेवटच्या फेरीत 85 वॉट-तास उरले होते. रेषेच्या दीडशे-दोनशे मीटर अलीकडे शीळ तुटली आणि परत आली नाही. गाडी घरंगळत आली, कोनाला टेकली, थांबली. लाल दिवा जाऊन हिरवा लागला. पिवळी पूर्ण करून गेली, तिच्यासाठी टाळ्या नंतर वाजल्या.

शर्यत तुटलेल्या ऊर्जेवर संपणं हा या खेळाचा सगळ्यांत बदनाम प्रकार आहे. फॉर्म्युला ई ची वॅलेन्सियाची शर्यत, एप्रिल 2021: पाऊस, एकामागून एक सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांच्या पुढे हळू चालणारी गाडी), आणि तेव्हाच्या नियमाने सेफ्टी कारखालच्या दर मिनिटाला प्रत्येक गाडीच्या वापरायच्या ऊर्जेतून 1 युनिट वजा. त्यात पुढे असलेल्या गाडीने वेळ संपायच्या जरा आधी रेषा ओलांडली आणि आणखी एक फेरी वाढली. शेवटच्या फेरीत बऱ्याच गाड्या ऊर्जेअभावी रांगत किंवा थांबत गेल्या. निक डी व्रीस जिंकला आणि जगभर हसू झालं. इथे वेर्ण्याला अगदी तसाच शेवट झाला, पण हसलं कुणी नाही. तिथे नियमाने ऐनवेळी हिशोब बदलला, इथे पंधराव्या फेरीपासून हिशोब सगळ्यांच्या तोंडावर होता. फॉर्म्युला ई ने पुढे वजाबाकी सोडली आणि सेफ्टी कारच्या बदल्यात शर्यत वाढवायला घेतली. ते शहाणपणाचं झालं.

खरं तर त्या मालिकेकडे दाखवण्यासारखं भरपूर आहे. 2014 मध्ये बीजिंगला पहिली शर्यत झाली तेव्हा बॅटरी पुरत नसल्यामुळे चालक अर्ध्यावर एका गाडीतून उडी मारून दुसरीत बसत, आणि हे चार हंगाम चाललं. तिसऱ्या पिढीच्या गाडीत वापरायला 38.5 युनिट मिळतात. पेट्रोलच्या भाषेत सव्वाचार लिटरच्या जवळपास, आणि तेवढ्यावर पाऊण तासाची शर्यत. लागणाऱ्या ऊर्जेतला 40 टक्क्यांच्या आसपासचा भाग ब्रेक मारताना परत मिळवायचा. मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच नाहीत, मोटर जनरेटरसारखी चालवूनच ती चाकं रोखली जातात. 2025 च्या जेद्दाहपासून काही शर्यतींत 600 किलोवॉटच्या चार्जरवर 30 सेकंदांत दहा टक्के ऊर्जा भरायचा थांबाही आला.

पण टीव्हीवर काय दिसतं? पोर्टलंडला 2023 मध्ये गाड्यांनी एकमेकींना चारशेपेक्षा जास्त वेळा मागे टाकलं. आकडा ऐकून वाटतं केवढी झुंज! प्रत्यक्षात पहिला क्रमांक कुणालाच नको होता. पुढच्या गाडीने हवा फाडायची, मागच्याने तिच्या आडोशाला ऊर्जा वाचवायची, म्हणून जो पुढे जाई तो मुद्दाम मागे येई. ज्याला हे ठाऊक आहे त्याला ती शर्यत बुद्धिबळासारखी वाटते. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटतं सगळे मिळून टाइमपास करतायत. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टक्के असतात म्हणा. वेर्ण्याच्या मुलाने तेच टक्के ओरडून, वेळेवर आणि बाजू घेऊन सांगितले, एवढाच फरक. त्याआधी चाहत्यांना ओढायला प्रेक्षकांच्या मतांवर आवडत्या चालकाला जादा शक्ती द्यायची योजना होती, फॅनबूस्ट. ती 2022 नंतर गेली, बरं झालं. मत देऊन कुणी चाहता होत नसतो.

दुसरी गोष्ट माणसांची. गोव्यात फुटबॉल चालतो तो फातोर्ड्याच्या स्टेडियममुळे कमी आणि गावागावातल्या संघांमुळे जास्त. तांबडीसाठी घसा फोडणारी माणसं तंत्रज्ञान बघायला आली नव्हती, शेजारची मुलगी चालवते म्हणून आली होती. फॉर्म्युला ई मध्ये महिंद्राचा संघ पहिल्या हंगामापासून आहे, करुण चंडोक त्याच हंगामात त्यांच्याकडून पळाला, 2024 मध्ये मुंबईचा जेहान दारूवाला मासेरातीकडून. मधली वर्षं कोरडी. हैदराबादला हुसेनसागराच्या काठी 11 फेब्रुवारी 2023 ला शर्यत झाली, जाँ-एरिक व्हेर्न जिंकला, लोक आले. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा व्हायची होती. मधल्या काळात तेलंगणात सरकार बदललं आणि जानेवारी 2024 मध्ये ती रद्द झाली. तिकडे ऑडी, बीएमडब्ल्यू 2021 ला बाहेर, मर्सिडीज 2022 ला. ज्या संघावर जीव लावायचा तो तीन वर्षांनी नसतो आणि जी शर्यत घराजवळ आली ती दुसऱ्या वर्षी येत नाही. मग चाहत्यांना दोष कशाला?

गोव्यात मोठी रस्त्यावरची विजेची शर्यत व्हावी का, हा विषय मंडपात निघालाच. आवाज कमी म्हणून गावाला त्रास नाही, असा सरळ हिशोब पाहुणे मांडत होते. तो अर्धवट आहे. रात्रीच्या पार्ट्यांच्या आवाजाने हणजूण-वागातोरचे लोक कोर्टापर्यंत गेलेले आहेत, तेव्हा आवाज कमी ही जमेची बाजू खरीच. पण रस्त्यावरच्या शर्यतीत काँक्रीटचे ठोकळे आणि जाळ्या बसवायलाच आठवडे जातात, डांबर नव्याने टाकावं लागतं, गटाराची झाकणं वेल्ड करून टाकावी लागतात, कारण गाडीखालून जाणारी हवा ती उचलते. गोव्याच्या अरुंद रस्त्यांवर तेवढे दिवस पोदेर (सायकलवरून पाव विकणारा), पायलट आणि शाळेच्या बसने जायचं कुठून? आधी पठारावर अशा छोट्या शर्यती वर्षाला चार झाल्या, सावली आणि पाणी नीट दिलं, तरी खूप झालं.

गाड्या टेम्पोत चढेपर्यंत माणसं पांगली नाहीत. चार्जर 16 अँपियरच्या साध्या प्लगवर चालतो, तीनएक किलोवॉट, म्हणजे साडेचार युनिट भरायला दीड तासाच्या वर. ते ऐकून परत शर्यत लावा म्हणणारे जरा गप्प झाले. तांबडीच्या चालकाला तिच्याच वाड्यावरचे लोक घेरून समजावत होते की कुठे चुकलं. तिने हेल्मेट काढून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, पंचविसाव्या फेरीनंतर दाबलं तिथे घालवलं.

पोदेरला ते पटलं नाही. सकाळी भोंपू वाजवत उंडे विकायला आलेला हा माणूस सायकल दोरीला टेकवून शेवटपर्यंत उभा होता, टोपली केव्हाच रिकामी झाली होती. त्याचं म्हणणं, घोळ पंचविसाव्या फेरीत नाही, पाचव्या ते पंधराव्या फेरीत झाला. "थोडें आदींच सोडपाक जाय आशिल्लें." थोडं आधीच सोडायला हवं होतं. तेव्हा कुणी मागे लागलं नव्हतं, आघाडी होती, तरी फेरीला 165 जाळले. टेलिमेट्रीवाल्या मुलाने लॅपटॉप उघडून हिशोब केला. शेवटी कमी पडले 45 च्या आसपास. त्या अकरा फेऱ्यांत फेरीला फक्त पाच वॉट-तास वाचवले असते तर 55 उरले असते. पाच वॉट-तास म्हणजे एका सरळ रस्त्यावर दहा मीटर आधी सोडणं. वेळ गेला असता सगळा मिळून अर्धा-पाऊण सेकंद, आणि पिवळी शेवटपर्यंत दोन सेकंद मागेच होती. मुलीने आकडे दोनदा तपासले, मग पोदेरला विचारलं की निळा कोन अजून किती अलीकडे ठेवावा.